एका सेंटीमीटरला बारा लाख

११ जानेवारी, हैदराबाद

अप्पीनं डायरी पाठवली. खताच्या दुकानाची फुकटातली आहे, प्रत्येक पानाच्या तळाला युरिया नाहीतर पोटॅश. आत चिठ्ठी : "दादा, रोज पानभर लिहीत जा. दहावीला बाहेरून बसायचं म्हणतोस तर हात वळला पाहिजे. आणि खरं लिही. खोटं लिहिताना माणूस अडखळतो." धाकटी बहीण आहे, शाळेतलं नाव अपेक्षा, पण बोलणं मास्तरणीचं.

काय लिहू? नाव मल्हार. गाव मंगळवेढ्याजवळ. शाळा आठवीपर्यंत. मग भिवंडी, सुरत, पुणे, आता हैदराबाद. तुझं बूड एका जागी टिकत नाही असं आई म्हणते, ते खरं आहे. सध्या एटीएममध्ये पैसे भरणाऱ्या गाडीवर हमाल. पेट्या चढवायच्या, पेट्या उतरवायच्या. ड्युटीवर चढताना मोबाईल लॉकरात जमा करावा लागतो, सुटल्यावर परत. गाडीवर बंदूक घेऊन इलाहीबक्षचाचा असतो. तोही सोलापूरचा, विजापूर वेशीतला. त्याची बंदूक त्याच्याहून म्हातारी. म्हणतो, "चली तो चली, नै तो डंडा हैच."

पान भरलं नाही. उद्या भरीन.

१५ जानेवारी

उद्या म्हणता संक्रांत गेली.

गाडी सिग्नलला अडकली की आत काही करण्यासारखं नसतं. खिडकी नाही, मोबाईल नाही. मी खिशात पट्टी ठेवतो आणि गड्ड्या मोजतो. नोटा नाही, उंची. कोऱ्या पाचशेच्या शंभर नोटांची गड्डी एक सेंटीमीटर भरते. वापरलेली दीड. पैसा हाताळला की फुगतो. चाचा म्हणाला, "आदमी का बी वैसाच है."

म्हणजे पन्नास हजाराची उंची एक सेंटीमीटर. माझा पगार चौदा हजार. तीन मिलिमीटरसुद्धा होत नाही.

१९ जानेवारी

चन्नप्पा अण्णाचा फोन आला. हा आधी आमच्याच गाडीवर ड्रायव्हर होता. अक्कलकोटकडचा, अर्धं बोलणं कानडी. मला इथं चिकटवलं त्यानंच. आता सोलापुरात सात रस्त्याला जागा-जमिनीचं ऑफिस टाकून बसलाय.

"मल्हारी, तू ते पट्टीनं गड्ड्या मोजत हुतास न्हवं?"

"व्हय अण्णा. अजून मोजतो."

"मग मला सांग. पाटावर पाचशेच्या नोटा रचत रचत माणसाएवढी थप्पी केली, तर किती पैसा हुईल?"

"पाट केवढा? माणूस केवढं?"

"यप्पा! तेच तर तुला इचारतोय की."

मग सगळं सांगितलं. महादेवप्पा म्हणून कुणी महाराज आहे. पूजा मांडली की नोटांचा पाऊस पाडतो. पाटाएवढं बूड आणि अंगाएवढी उंची, तेवढा पैसा येतो म्हणे. एक कापडवाला शेठ पैसा लावायला तयार आहे, पण शेठ पक्का. लावायचे किती आणि यायचे किती, त्याला कागदावर आकडा पाहिजे.

मला हसूच आलं. म्हटलं, "अण्णा, हे खरं हाय व्हय?"

"बंडल हाय रे बंडल. सगळं बंडलच बंडल," असं म्हणून तोही हसला.

मग जीव निवांत झाला. थापच मारायची असेल तर आपल्या बापाचं काय जातंय? शेठला लुटणार, खुशाल लुटा. मला नुसतं गणित घालायचंय. त्याचे पाच हजार.

२० जानेवारी

अण्णानं पाटाचं माप धाडलं, साठ बाय चाळीस सेंटीमीटर. पाचशेची नोट पंधरा लांब, साडेसहाला जराशी जास्त रुंद. लांबीत चार बसतात, रुंदीत सहा. चोवीस थप्प्या शेजारी शेजारी. म्हणजे सगळी रास एक सेंटीमीटर चढवायला चोवीस गड्ड्या.

एका सेंटीमीटरला बारा लाख.

मोबाईलवर परत परत करून बघितलं. तेवढंच येतं. शाळेत मला गणितात कधी मार्क पडले नाहीत, कारण मास्तर आंब्यांची गणितं घालायचे. तेव्हा असं विचारलं असतं तर मी आज कुठं असतो.

२६ जानेवारी, सोलापूर

रजा टाकून आलो. स्टेशनवरून आधी अप्पीकडं. ती पोलीस भरतीची तयारी करते, दोन मैत्रिणींबरोबर खोली घेऊन राहते. मैदानावरच गाठली. धावत होती. तिला लांबूनही ओळखायला येतं, सगळ्या पोरींत हातभर वर. गावात तिला शिडी म्हणायचे. "शिडे, माळ्यावरचा डबा काढ गं." लग्नाला स्थळ आलं की आई तिला बसवूनच ठेवायची, उठू द्यायची नाही. आता भरतीत बायकांना एकशे पंचावन्न उंची लागते आणि ही एकशे अडुसष्ट. पहिलीच परीक्षा उंचीची असते, म्हणजे ही पहिल्या दारातून ताठ मानेनं आत जाणार. घरच्या चौकटीवर आईनं तिच्या उंचीच्या खुणा केल्यात, वरची खूण करायला आईला पाट घ्यावा लागला होता.

तिच्या बुटाचा पुढचा भाग उघडा पडलाय. म्हणाली, "मगर झालीय दादा. पण चावत नाही."

"नवे घेतो तुला."

"आधी तुझा दहावीचा फॉर्म भर. डायरी लिहितोस का?"

"लिहितो की."

"खरं लिहितोस?"

"व्हय बाई, खरं."

कशाला आलास विचारलं तर कंपनीचं काम सांगितलं.

मग सात रस्ता. अण्णाचं ऑफिस जिन्याखाली आहे. आत शेठ, अण्णा आणि महादेवप्पा. मला वाटलं होतं जटा, भस्म असं काही असेल. तर साधा माणूस. पांढरा शर्ट, बाटा चप्पल, चहा पीत नाही. मला 'मल्हारबा' म्हणतो. नाटक करणारा असाच पाहिजे, बघणाऱ्याला संशयच येऊ नये.

मी कागदावर पाट काढला, चोवीस घरं पाडली, सगळ्यांना समजावलं. शेठ वाकून बघत होता. महादेवप्पा म्हणाला, "उंची कुंवार पोरीची धरायची असती. एकशे पन्नास धरा."

"एकशे पन्नासला अठरा कोटी," मी म्हटलं.

शेठ खूश झाला नाही. त्याच्या मनात अजून मोठा आकडा होता. अण्णा माझ्याकडं बघायला लागला. मला वाटलं, आता आपणच हे जमवून दिलं पाहिजे.

मी म्हटलं, "एकशे पन्नासच कशाला धरताय? आमची अप्पी धरा की. एकशे अडुसष्ट. वीस कोटी सोळा लाख हुतात."

शेठ परत कागदावर वाकला. महादेवप्पानं विचारलं, "खरंच हाय का एवढी पोरगी?"

"हाय की. बहीण हाय माझी."

"पायाळू तर न्हाय?"

"पायाळूच हाय! तुमाला कसं कळलं? पायाकडून आली म्हनून आई मरता मरता वाचली. गावात कुनाची कंबर धरली की हिला लाथ मारायला न्यायचे. लाथंमागं एक लाडू."

सगळे हसले. मीही हसलो. शेठनं मला शेव-चिवडा मागवला. लहानपणापासून माझ्या बोलण्यावर चार मोठी माणसं गप्प बसून ऐकतायत असं कधी झालं नव्हतं. आज झालं.

२७ जानेवारी, सोलापूर

अण्णा मला जागा दाखवायला घेऊन गेला, महादेवप्पापण बरोबर होता. मंगळवेढा रोडला आत, बंद पडलेलं पोल्ट्रीचं शेड. अजून पिसं उडतात. आजूबाजूला ज्वारी, कमरेच्या वर. शेडात पाट ठेवलेला आणि पाटाच्या बाजूला खड्डा खणलेला. पैसा खाली येताना उधळू नये म्हणून, असं अण्णा म्हणाला.

मी पट्टी लावली. खड्डा चुकीचा खणलाय. पाट साठ बाय चाळीसचा आणि खड्डा माणूस आडवा होईल असा लांब. मी म्हटलं, "हे माप कुनी दिलं? एवढ्या लांबीत पाट बसवला तर बाजूनं थप्प्या ढासळतील."

महादेवप्पा हसला. "बसंल, मल्हारबा. सगळं बसंल."

मी विचारलं, उंची धरायची ती उभ्यानं की आडव्यानं? कारण माणूस आडवं झालं की सेंटीमीटरभर लांब होतं. आम्ही पोरं गावात हे करून बघायचो.

"आडव्यानंच," तो म्हणाला.

म्हणजे अजून बारा लाख. अण्णानं माझ्या पाठीवर थाप मारली.

खड्ड्याची खोलीही मोजून दिली. नाटकाची तयारी म्हणावी तर लई मेहनत घेतलीय ह्या लोकांनी.

पाच हजार मिळाले. नवी पेठेतून अप्पीला बूट घेतले, निळे, तळाला जाळी असलेले. खोलीवर नेऊन दिले. तिनं ते तिथंच घालून उड्या मारल्या. खालच्या मजल्यावरची म्हातारी ओरडली.

३ फेब्रुवारी, हैदराबाद

अण्णानं फोनवर अप्पीचा नंबर मागितला. भरतीत त्याच्या ओळखीचा साहेब आहे म्हणे, उंची-वजन आधीच बघून देईल, कागदात काही कमी असेल तर सांगेल. मी लगेच दिला. एवढं कोण करतं?

संध्याकाळी अप्पीचा फोन.

"दादा, तुझे अण्णा लई चौकशी करतात रे. जन्मवेळ विचारली. अंगावर कुठं तीळ, डाग, टाके आहेत का विचारलं. भरतीला जन्मवेळ कशाला लागते?"

"फॉर्मात रकाना असंल."

"मी फॉर्म भरलाय दादा. नाही असा रकाना."

"नवा आला असंल. तू लई शहाणपणा करू नगं. माणूस मदत करतोय."

मग म्हणाली, "बरं."

९ फेब्रुवारी

चाचाला सगळं सांगितलं. हसेल वाटलं होतं. तो हसला नाही. बिडी विझवली.

"तेरी भैन का नाप कायकू होना रे उनको?"

"चाचा, थाप हाय सगळी. शेठला गंडवायलेत."

"गंडवाने को कागद काफी है. गड्ढा कायकू खोदे?"

"दिसायला नको का खरं?"

"किस कू दिखाने? शेठ गड्ढा देखा?"

शेठ त्या शेडात आलाच नव्हता. मी म्हटलं, नंतर येईल. चाचाला म्हातारपणी सगळीकडं भुतं दिसतात. त्याच्याशी दिवसभर बोललो नाही.

१२ फेब्रुवारी

इथं आता मन लागत नाही. अण्णा म्हणाला, काम झालं की एक टक्का तुझा. एक टक्का म्हणजे वीस लाख. शेठ काही एवढा देणार नाही, थापच आहे, पण थापेतसुद्धा शेठचे दहा लाख फुटतील, त्यातले पन्नास हजार तरी आपले. सोलापुरात चहाचा गाडा टाकीन. नको, चहा नको. जुन्या मोबाईलचं दुकान. किंवा सगळं सोडून दुबई. अप्पी पोलीस झाली की पासपोर्टाचं काम तीच करून देईल.

१९ फेब्रुवारी, मंगळवेढा

परवाचं लिहायचंय. आजच लिहिलं पाहिजे.

ड्युटी सुटली, लॉकरातून मोबाईल घेतला. अप्पीचा मेसेज दुपारचा : "दादा, अण्णांची गाडी आलीय. साहेबांचं ऑफिस मंगळवेढा रोडला आहे म्हणतात. उंची बघून लगेच सोडणार. नवे बूट घातलेत. अमावास्येला सरकारी ऑफिसात शुभकाम, पहिल्यांदाच ऐकलं!" पुढं हसणारी तोंडं.

मंगळवेढा रोड. मी तिथंच उभा राहिलो. मागचा माणूस म्हणाला, अरे हल की.

अप्पीचा फोन बंद. अण्णाला लावला. त्यानं उचलला.

"अण्णा, अप्पी कुटं हाय?"

"हाय की हितंच. पूजेला बसवायलोत. तिन्हीसांजंचा मुहूर्त हाय."

"कसली पूजा? अण्णा, तुमीच म्हनला न्हवं, बंडल हाय म्हनून?"

"मग? बंडलच हाय की रे." त्याच्या आवाजात नवल होतं, चिडलेला नव्हता. "पाटभर बंडल. नोटांचं बंडल. तूच तर मोजलास. आता फोन ठिव, महाराज रागावत्यात."

मी आयुष्यभर थापेला बंडल म्हणत आलो. तो गाडीवर असताना शंभराच्या गड्डीला बंडल म्हणायचा, हे मला माहीत होतं. रोज ऐकलं होतं.

चाचानं माझ्या हातातला फोन काढून घेतला. एकशे बारा लावला, तिथून सोलापूरच्या पोलिसांना जोडून घेतलं. मग फोन माझ्या तोंडापुढं धरला. "पता बोल."

अप्पीनं खरं लिहायला सांगितलंय. म्हणून लिहितो. मी लगेच बोललो नाही. पलीकडून बाई विचारत होती, "कुठून बोलताय? काय घडलंय?" आणि माझ्या डोक्यात आलं की जागा सांगितली तर विचारतील, तुला कशी ठाऊक? तिथं तू काय करत होतास? खड्डा कुणी मोजला? गाडीचं शटर खाली आलं, कुलूप लागलं, तेवढा वेळ मी गप्प होतो. चाचानं माझ्या कानाखाली मारली. मग सांगितलं. पोल्ट्रीचं शेड, रस्त्यापासून आत, ज्वारीत, सगळं.

मिळेल त्या गाडीनं निघालो. सकाळी इथं सरकारी दवाखान्यात आलो.

अप्पी जिवंत आहे.

पोलीस पोचायच्या आधीच ती पळाली होती. तिनं सगळं पोलीस बाईंना सांगितलं, मला नाही. मी पडद्याच्या अलीकडून ऐकलं. दारात बूट काढायला लावले. साहेब कुठायत विचारलं तर येतायत म्हणाले. मग महादेवप्पानं दोऱ्यानं तिला मापलं, टाचेपासून डोक्यापर्यंत. उभ्यानं मापलं. मग म्हणाला, पोरी, आता आडवी हो, आडव्यानं बरोबर माप येतं. ती आडवी झाली, त्यानं परत दोरा लावला. भरतीचंच काही असेल वाटलं. मान वळवली तर शेजारी खड्डा. तिच्याएवढा. चन्नप्पा दाराकडं जाऊन उभा राहिला, तेव्हा तिला कळलं.

त्याच्या पोटात डोकं घालून ती बाहेर पडली. पायाळूची लाथ कंबरेला लागते म्हणतात, महादेवप्पाला तोंडावर लागली. त्याचे दोन दात पडलेत.

अनवाणी पळाली. आधी उभ्या ज्वारीतून, मग काढलेल्या रानातून. ज्वारीची धसकटं कापलेल्या लोखंडासारखी उभी असतात. पलीकडं ज्वारी काढणाऱ्या बायका घरी निघाल्या होत्या. त्यातली सुंदरम्मा म्हणून एक कर्नाटकातली बाई, तिनं अप्पीला धरलं, पदराखाली घेतलं. सगळ्या बायका विळे हातात धरून भोवती उभ्या राहिल्या, पोलिसांच्या गाडीचा आवाज येईपर्यंत. अण्णा लांबूनच परत फिरला. एवढ्या विळ्यांपुढं कोण येतंय?

सुंदरम्मा दवाखान्यातच बसून होती. तिनं मला विचारलं, "नीनु अण्णा का हिचा?" भाऊ का म्हणून. मी मान हलवली. "कुठं होतास रे?" म्हणाली.

अप्पीच्या दोन्ही तळपायांना पट्ट्या आहेत. निळे बूट पोलिसांनी पिशवीत घालून नेले. पुरावा.

२४ फेब्रुवारी, सोलापूर

आज परत जबाब. चन्नप्पा, महादेवप्पा, शेठ, तिघं आत आहेत. महादेवप्पाच्या पिशवीत माझा कागद सापडला. चोवीस घरं पाडलेला पाट, खाली माझ्या अक्षरात १६८, त्याच्यापुढं वीस कोटी सोळा लाख. साहेबांनी तो टेबलावर पसरला.

"गणिताचे मास्तर आपणच का?"

"व्हय साहेब."

"शिकलायस किती?"

"आठवी."

"आणि माणसाचा भाव काढलास?"

मी म्हटलं, मला वाटलं थाप आहे. साहेब म्हणाले, "थाप आहे म्हणून तुला ठाऊक होतं. त्यांना नव्हतं. एवढाच फरक." मला साक्षीदार करायचं का आरोपी ते अजून ठरलं नाही. नोकरी गेलीच आहे.

बाहेर पडताना चन्नप्पाला गाडीतून उतरवत होते. त्यानं मला बघितलं. मला वाटलं शिव्या देईल. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं.

"मल्हारी, आडव्यानं एकशे एकुणसत्तर भरली हुती रे," म्हणाला. "अजून अर्धा तास पायजे हुता."

मेलेल्या माणसाबद्दल हळहळावं तसा बोलला. त्याला अजूनही वाटतंय तो पैसा येणार होता.

मी इतके दिवस देवाकडं मागत होतो की ही सगळी थाप निघू दे. थाप असती तर नुसते शेठचे पैसे गेले असते. ते तिघं खरं बोलत होते. थाप फक्त मी मारत होतो, ती पण स्वतःशी.

६ मार्च, गाव

अप्पीला घरी आणलंय. पाय भरत आलेत. आई तिला काही विचारत नाही, माझ्याशी बोलत नाही. जेवायला वाढते तेव्हा भाकरी ताटात टाकते, हातात देत नाही.

काल गोजाबाई आली होती, शेजारची. तिची पाठ धरलीय. सवयीनं म्हणाली, "अपेक्षा, जरा पाय लाव गं बाई." अप्पी उठून आत गेली. गोजाबाईला कळलं, ती तोंडात पदर घालून निघून गेली.

एक बघितलं. अप्पी दारातून जाताना वाकते. चौकट तेवढीच आहे, ती पहिल्यापासून आरामात जायची. आता वाकून जाते आणि खुणांकडं बघत नाही. मागून कुणी डोक्यावर हात ठेवला की आखडते. आईनं वेणी घालायला घेतली तर म्हणाली, "मी घालते, दे."

पण सकाळी पळायला जाते. जुनी मगर शिवून घेतलीय तिनं. मी डांबरीवर उभा राहतो, ती एकटीच चकरा मारते. पहिल्यासारखीच पळते. मागं वळून बघत बघत पळते, एवढंच.

"भरतीला जायचंय का?" मी विचारलं.

"मग कशाला पळते?" म्हणाली.

मला लई बरं वाटलं.

२२ मार्च, सोलापूर

आज मैदानी चाचणी होती. तिच्याबरोबर मी आलो. तिनं नको म्हटलं नाही, ये पण म्हटलं नाही. गेटबाहेर झाडाखाली थांबलो. आतल्या पोरी बघून वाटलं, हिच्याएवढी उंच एकही नाही. आधी कागद, मग उंची, मग धावणं. धावण्यात तिला कोण हरवतंय? मी दुपारच्या जेवणाला पैसे राखून ठेवले होते.

ती लगेच बाहेर आली. एवढ्या लवकर कुणीच आलं नव्हतं. मला वाटलं कागद विसरला.

"काय झालं?"

ती झाडाला टेकली. छातीवरचा नंबर काढून घडी घालत होती.

"उंचीत गेले."

"काय बोलतीस? तू? उंचीत?"

"भिंतीला टेकवून उभं केलं. टाचा जुळव म्हणाले. वरून ती लाकडी पट्टी खाली आली." तिनं हात आपल्या डोक्यावर नेला आणि तिथंच थांबवला. "गुडघे वाकले दादा. मी वाकवले नाहीत. बाई म्हणाल्या, ताठ उभी राहा. मी ताठच होते. परत पट्टी आणली, परत वाकले. तिसऱ्या वेळेला लिहून टाकलं."

"किती लिहिलं?"

"एकशे बावन्न."

मी म्हटलं, अपील करू. नियम आहे, परत मोजतात. सगळ्यांना दिसतंय की तू केवढी आहेस. आत जाऊन मी सांगतो, मी पाया पडतो साहेबांच्या.

"बाईपण तेच म्हणाल्या. परत मोजू म्हणाल्या." ती मान हलवत राहिली. "नको."

एकशे अडुसष्टमधून एकशे बावन्न गेले. माझ्या डोक्यात आपोआप हिशेब सुरू झाला, एका सेंटीमीटरला इतके, तर सोळाला किती. उत्तर आलं. ते मी इथं लिहिणार नाही.

एसटी स्टँडपर्यंत चालत आलो. रस्ताभर मी तिच्या मागं होतो. ती आता सगळ्यांच्या गर्दीत दिसत नाही, शोधावी लागते. बस लागली तेव्हा ती पायरीवर चढली, दारात वाकली, आणि मागं वळून पहिल्यांदा माझ्याकडं बघितलं.

"कमी भरले दादा," म्हणाली. "लई बरं वाटलं."